गुरुजींच्या दोन पेट्या कुणासाठी उघडायच्या?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचनालयांनाही कामी यावं म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते. यवतमाळ जिल्ह्यातलं तुमचं गावचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात छोटं, वाचनालय. गावात पस्तीस वर्षं शिकवलेले, भूदानापासून कुष्ठरोगाच्या कामापर्यंत सगळ्यात असलेले एक गुरुजी २०१९ मध्ये वारले. जुनं घर पाडायचं म्हणून मुलानं त्यांचे कागद दोन लोखंडी पेट्यांत आणि युरियाच्या एका पोत्यात भरून तुमच्याकडे आणून टाकले. आता अमरावतीहून पीएचडी करणारा एक विद्यार्थी आलाय, त्याला सगळ्याचे मोबाइलवर फोटो हवेत. गुरुजींची पुण्याची मुलगी फोनवर सांगते, आईची पत्रं कुणाला दाखवायची नाहीत. आणि जात पडताळणीसाठी गावातले चारजण दाराशी उभे: “गुरुजीच्या वहीत आमच्या आज्याचं नाव असंन, पाहू द्या ना.” तुमचा प्रश्न एवढाच, कुणाला काय दाखवायचं?

मी सव्वीस वर्षं एका संशोधन ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात काढली. त्यातली शेवटची चौदा वर्षं खासगी कागदपत्रांचा संग्रह माझ्याकडेच होता. तेव्हा हे उत्तर लांबेल, आणि मध्ये मध्ये माझ्या चुकाही येतील.

पुढचं सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आधी सांगते. आपण धरून चालतो की परवानगी मागायची ती गुरुजींच्या वारसांची. पण गुरुजींच्या पेटीत गुरुजी सगळ्यात कमी सापडतील. माणूस पत्रं लिहितो ती दुसऱ्यांच्या घरी जातात. त्याच्या पेटीत उरतात ती दुसऱ्यांनी त्याला लिहिलेली. शिवाय ज्यांच्यासाठी त्यानं अर्ज लिहिले, ज्यांची नावं वहीत टिपली, ज्यांना उसने पैसे दिले, ती सगळी माणसं. मुलानं पेट्या दिल्या, मुलीनं हरकत घेतली, हे झालं दोघांचं. बाकीच्यांना तर आपलं नाव वाचनालयात आलंय हेही ठाऊक नाही, आणि त्यांची नातवंडं तुमच्याच गावात राहतात. तुम्हाला खरी काळजी घ्यायची आहे ती त्यांची.

आता मालकी. मुलानं तोंडी दिलं, एवढ्यावर थांबू नका. जंगम वस्तूचं दान ती हाती सोपवली की कायद्यानं पूर्ण होतं, हे खरं. पण जे सोपवलं ते एकट्या मुलाचं होतं का? मुलीचा हक्क तेवढाच आहे, आणि गुरुजींची पत्नी हयात असेल तर तिचाही. म्हणून सगळ्या वारसांच्या सह्यांचं एक पानभर पत्र घ्या. साध्या कागदावर चालेल. त्यात एक गोष्ट संदिग्ध राहू देऊ नका: हे कायमचं दान आहे, की मागितल्यावर परत द्यायची ठेव? दिल्लीला तीन मूर्ती भवनातल्या संग्रहातून नेहरूंच्या खासगी कागदांची ५१ खोकी २००८ साली कुटुंबाकडे परत गेली, आणि ती परत मागण्यावरून इतक्या वर्षांनंतरही वाद चालू आहे. तिथे मोठमोठे वकील आहेत. तुमच्याकडे कोण आहे? ठेव असेल तर मी स्वतः घेणार नाही. दोन वर्षं तुम्ही कागद झाडायचे, लावायचे, यादी करायची, आणि एक दिवस पुतण्यानं येऊन पेटी उचलून न्यायची, हे मी दोनदा पाहिलंय.

कागद कुणाचा आणि मजकूर कुणाचा, हे वेगळं. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतरही किमान ६० वर्षं टिकतो. गांधीजी १९३६ ला सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथून गेलेली त्यांची पत्रं विदर्भातल्या कितीतरी घरांच्या फडताळात होती. पण मजकुराचा हक्क नवजीवन ट्रस्टकडे होता आणि तो २००८ च्या अखेरीस संपला. तोवर घरच्यांना पोस्टकार्ड चौकटीत लावता येत होतं, पुस्तकात छापायचं तर विचारावं लागत होतं. तुमच्या पेटीतल्या पत्रांनाही हेच लागू. कायद्यात ग्रंथालयांसाठी एक सवलत आहे: लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयातल्या अप्रकाशित लेखनाची संशोधनासाठी किंवा छापण्यासाठी प्रत करता येते, पण लेखक कोण हे माहीत असेल तर त्याला जाऊन ६० वर्षं झालेली असावी लागतात. त्याआतल्या पत्रांवरून विद्यार्थ्यानं टिपणं काढावीत, अभ्यासापुरत्या चार ओळी उतराव्यात, त्याला कुणाची हरकत नाही. अख्खं पत्र प्रबंधाच्या परिशिष्टात जाणार असेल तर लिहिणाऱ्याच्या वारसाला विचारणं त्याचं काम, तुमचं नव्हे. हे त्याच्याकडून लिहून घ्या म्हणजे तुम्ही सुटलात.

कॉपीराइटचं हे एवढंच. लोक त्यातच अडकतात, कारण त्याला कलमं आहेत. नाजूक प्रकरण वेगळंच आहे.

तुम्ही लिहिलंय की पेटीत कुष्ठरोग सर्वेक्षणाच्या तीन वह्या निघाल्या. त्या आजच बाजूला काढा. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठाननं १९५० च्या दशकात घरोघर जाऊन तपासणी, लोकशिक्षण आणि गावातच उपचार अशी पद्धत बसवली, आणि तिच्या आधारानं विदर्भातल्या असंख्य शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी वह्या भरल्या. घर क्रमांक, नाव, वय, चट्टा कुठे, बोटं कशी, डी.डी.एस.च्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या, गोळ्या नेल्या की नाही. आरोग्याच्या इतिहासासाठी या वह्या म्हणजे सोनं. दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतींबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण जे रोगी गाव सोडून गेलेच नाहीत, तिथेच गोळ्या खाऊन बरे झाले आणि ज्यांनी कुणाला कळू दिलं नाही, त्यांच्याबद्दल अशा वह्यांखेरीज कुठेच काही नाही. आणि नेमकं म्हणूनच त्या उघड्यावर ठेवता येत नाहीत. आजार बरा झाला तरी सोयरीक मोडते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या वैयक्तिक कायद्यांतून निघालं ते थेट २०१९ मध्ये, यावरून समजा.

इथे माझी पहिली चूक. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. एका समाजसेवकाच्या कागदांची यादी करताना मी फार काटेकोर होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. प्रत्येक गठ्ठ्यापुढे आत काय आहे ते नावानिशी लिहिलं. ‘अमुक गाव, कुष्ठरुग्णांची यादी, एकूण ४३’, आणि पुढे कंसात ठळक नावं. वही कपाटात कुलूपबंद, यादी मात्र टेबलावर, कुणीही चाळावी अशी. एक दिवस एक गृहस्थ गावाच्या इतिहासाची माहिती शोधायला आले, यादी चाळली, आणि एका ओळीवर थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, “मॅडम, हे माया बापाचं नाव हाय. आमच्या मायलेई मालूम नव्हतं.” त्यांनी तक्रार केली नाही, आवाजही चढवला नाही. मी ती पानं त्याच संध्याकाळी बदलली. पण त्यांच्या मनातून ते नाव काढून टाकणं माझ्या हाती नव्हतं.

तेव्हापासून मी दोन याद्या करते. वाचकांच्या हाती जाते तिच्यात ‘आरोग्य सर्वेक्षणाच्या वह्या, ३, इ.स. १९५८ ते १९६६, मर्यादित’ एवढंच. दुसरी तपशिलाची, आणि ती वहीबरोबरच कुलपात. वही आहे हे मात्र लपवायचं नाही. आपल्याकडे घरच्यांची अब्रू राखायची म्हणून अशा वह्या यादीतूनच गाळतात, आणि कुणी नसताना चुलीत घालतात. विहिरीत टाकलेले गठ्ठेही मी ऐकून आहे. कागद आहे, पण सध्या दाखवत नाही, अमुक सालापासून दाखवू, असं म्हणायला लाज वाटू देऊ नका.

‘अमुक सालापासून’ हे शब्द महत्त्वाचे. बंद करायचं तर तारीख घालून करा. मौलाना आझाद १९५८ मध्ये गेले. त्यांच्या आत्मकथनातली सुमारे तीस पानं मोहोरबंद करून कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली होती, मृत्यूनंतर तीस वर्षांनी उघडायची म्हणून. १९८८ ला मुदत भरली, कोर्टकचेरीही झाली, पण पानं उघडली गेली, कारण तारीख ठरलेली होती. तारीख नसती तर दरवेळी नवा माणूस बसून ‘अजून नको’ म्हणाला असता. मी कितीतरी पाकिटं पाहिलीत ज्यांच्यावर ‘खासगी, उघडू नये’ एवढंच आहे. लिहिणारा गेला, ज्यानं ठेवून घेतलं तो निवृत्त झाला, आणि आता त्या पाकिटाला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही.

तारीख किती लांबची घालायची? आमच्याकडे अनुभवानं बसलेला हिशेब सांगते, तो कायदा नाही. आजार, वेड, लैंगिक अत्याचार, अनौरस मूल, आत्महत्या असं काही असेल तर त्या माणसाच्या जन्मापासून शंभर वर्षं. जन्मसाल माहीत नसेल तर कागदाच्या तारखेपासून पंच्याहत्तर. कर्ज, गहाण, भाऊबंदकी, पंचायतीतली भांडणं यांना कागदापासून पन्नास. बाकीचं, म्हणजे भूदानाची पत्रकं, सभेची इतिवृत्तं, छापील बिलं, कापसाच्या पावत्या, आजपासून खुलं. तुमच्या समितीनं हे आकडे बदलले तरी चालेल, पण ठराव करून लिहून ठेवा, म्हणजे सचिव बदलला तरी नियम राहील.

कुष्ठरोगाचं पटकन लक्षात येतं. दुसऱ्या एका प्रकारचे कागद मात्र निरुपद्रवी वाटतात आणि हातून निसटतात. गुरुजी गावासाठी पत्रं लिहून देत असणार. त्या पिढीत ज्याच्या हाती लेखणी, तो सगळ्यांचा लेखनिक. नागपूरच्या गिरणीत गेलेल्या नवऱ्याला बायकोचं पत्र, माहेरी बापाला ‘मले घ्यायले ये’ म्हणून कार्ड. काही जण कच्चा मसुदा वहीत करून मग कार्डावर उतरवत. ते मसुदे पेटीत असतील. अक्षर गुरुजींचं, म्हणून मुलाला ते वडिलांचं लेखन वाटतं आणि विद्यार्थ्याला ‘शिक्षकाचं साहित्य’. पण बोलणारी बाई दुसरीच आहे. मारझोडीबद्दल तिनं गुरुजींना सांगितलं ते त्यांनी कुणाला सांगू नये या भरवशावर. असे मसुदे मी बंद करत नाही, कारण त्या बायकांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. नाव आणि गाव झाकून प्रत करते आणि वाचकाला ती प्रत देते, मूळ कागद नाही. हे काम वेळखाऊ आहे. झाकायचं म्हणजे मूळ कागदावर शाई फिरवायची नाही, हे सांगायला नको. झेरॉक्सवर पट्टी लावा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा, नाहीतर उजेडात धरून वाचता येतं.

तुमच्या यादीत शेवटी ‘२००५ नंतरची शेतकरी कुटुंबांची कागदं’ अशी ओळ आहे. निवृत्तीनंतर गुरुजी आत्महत्या केलेल्यांच्या घरच्यांबरोबर तहसीलला जात होते, असं दिसतं. या फाइली पूर्ण बंद. समितीतल्यांनाही उगीच दाखवू नका. एक लाखाची मदत मिळायची तर प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं, आणि पात्र ठरतं ते कर्ज, नापिकी यांच्या कागदांवर. गुरुजींच्या खासगी टिपणात घरच्यांनी जे सांगितलं असेल, दारूचं, भांडणाचं, पोरीच्या लग्नाचं, ते सरकारी अहवालात नसणार. विधवा आजही त्याच गावात आहे. विद्यार्थ्याचा विषय कितीही चांगला असो, त्यानं त्या बाईकडे जाऊन स्वतः बोलावं. ती सांगेल ते तिचं. पेटीतून तिच्या पाठीमागे काढलेलं, ते वेगळं.

नाजूक नोंदींचा आणखी एक प्रकार असतो, तो पोलीसपाटलाच्या किंवा गावच्या म्हाताऱ्याच्या रोजनिशीत. ‘पारध्यांच्या बेड्यावर चोरीचा माल’ असली वाक्यं (बेडा म्हणजे त्यांची वस्ती), पुढे नावं. १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्यातली नजर वह्यांतून गेली नाही. अशा नोंदी गुरुजींच्या वहीत सापडल्या तर त्या लिहिणाऱ्याबद्दल काय सांगतात याचा अभ्यास व्हावाच. पण नावं छापली तर बेड्यावरच्या नातवाच्या कपाळी तीच चोरी पुन्हा लागते. इथे मी वाचकाला पान दाखवते आणि नाव न वापरण्याचं लिहून घेते. मयत माणसाची बदनामी होत नाही असं अनेकांना वाटतं. तो जिवंत असता तर त्याची अब्रू गेली असती आणि घरच्यांच्या भावना दुखवण्याच्या हेतूनं ते लिहिलंय असं दिसलं, तर ती जुन्या दंड संहितेत बदनामी होती आणि आताच्या न्याय संहितेतही आहे.

आता मुलीचा फोन. आईची पत्रं दाखवू नका, म्हणते. तिच्यावर रागावू नका, आणि लगेच हो म्हणून पत्रं परतही देऊ नका. आधी विचारा की तिला नेमकी कशाची भीती आहे. एकदा अशाच एका मुलीनं सगळा पत्रव्यवहार बंद करायला सांगितला होता. तासभर बोलल्यावर कळलं, अडचण दोनच पत्रांची होती, तिच्या मावशीच्या पहिल्या लग्नाची. ती दोन पत्रं आम्ही पाकिटात घातली, मावशीच्या जन्मापासून शंभर वर्षांची तारीख घातली, उरलेली दीडशे पत्रं खुली झाली. ताईंना बोलवा, पुण्याहून येणं जमत नसेल तर दिवाळीत येतील तेव्हा. टेबलावर पत्रं ठेवा, चहा द्या, त्यांना एकटीला वाचू द्या. बहुतेकांनी आईची पत्रं कधी वाचलेलीच नसतात. वाचल्यावरही सगळी बंद करा म्हणाल्या तर त्यांचा मान ठेवा, पण तारीख घालूनच: त्यांच्या हयातीपर्यंत आणि पुढे दहा वर्षं, असं काही. जाळून टाकतो, असं कुणी म्हणालं तर मात्र तुम्ही ठाम राहा.

जाता जाता एक. कागद लपवायची कला आपल्या भागाला नवी नाही. रिद्धपूर आणि आजूबाजूच्या महानुभाव मठांत ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवत. पोथी कुणाच्या हाती लागली तरी ज्याला लिपी शिकवली तोच वाचणार. काही शतकं ते टिकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी लिपी उलगडली आणि मराठीतलं जुनं गद्य अभ्यासकांसाठी खुलं झालं. पंथातल्या काहींना तेव्हा ते खुपलंही. आज त्या पोथ्यांशिवाय मराठीचा इतिहास लिहिता येत नाही. दोन्ही बाजू मला समजतात, म्हणून हे सांगितलं.

विद्यार्थ्याचं काय? मुलगा प्रामाणिक असेल, बहुतेक असतात. पण ‘सगळ्याचे फोटो’ याला नाही म्हणा. फोटो काढणं म्हणजे न वाचता नेणं. आमच्याकडे एकानं चाळीस पुडकी दोन दिवसांत टिपली आणि त्यातलं एक पान, एका जिवंत पुढाऱ्याच्या तरुणपणच्या माफीनाम्याचं, आठवड्यानं तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरत होतं. त्यानं ते मुद्दाम टाकलं नव्हतं, मित्राला पाठवलं होतं. ग्रंथालयाला खुलासे देत बसावं लागलं, आणि पुढाऱ्याच्या विरोधकांनी मला पेढे आणून दिले, हे त्याहून वाईट. तेव्हा आधी त्याचा विषय एका पानावर लिहून घ्या, मार्गदर्शकाचं पत्र घ्या. त्याला यादी द्या, त्यानं गठ्ठे मागावेत, तुम्ही एकेक काढून समोर ठेवावा. पेन नाही, पेन्सिल. फोटो हवा ते पान चिठ्ठी घालून दाखवावं, तुम्ही पाहून हो म्हणावं, आणि कुठली पानं टिपली त्याची नोंद वहीत दोघांच्या सहीनं. खुल्या कागदांना हात आखडू नका. तुमच्या पेटीतला निम्म्याहून जास्त ऐवज खुलाच निघेल, आणि तो वाचायला कुणी एवढ्या लांब आलंय याचा मला तर आनंदच वाटला.

एक गोष्ट त्याला नीट समजावा. प्रबंधात ‘नाव बदललं आहे’ लिहिलं की काम झालं असं विद्यापीठात शिकवतात. शहरात ते चालतं. सहाशे उंबऱ्यांच्या गावात ‘एक सुतार, दोन बायका, विहिरीवरून भांडण’ एवढं लिहिलं की कोण ते शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा नावाबरोबर धंदा, साल, विहीर हेही हलवावं लागतं, किंवा गावाचंच नाव काढावं लागतं. तुमच्या गावाचं नाव प्रबंधाच्या शीर्षकात आहे का, ते आधी विचारा.

स्कॅनिंगची घाई करू नका. कुणीतरी संस्था येईल, म्हणेल सगळं फुकट डिजिटल करून देतो. पेटीतला कागद पेटीत आहे तोवर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्याला शिवत नाही; पण कागदावरची माहिती नंतर डिजिटल झाली की तिलाही तो लागू होतो. संशोधन आणि अभिलेख जतन यांना त्यात सूट आहे, ती विहित मानकं पाळली आणि त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घेतला नाही तरच. आधी गाळणी, मग स्कॅन. मर्यादित गठ्ठ्यांचं स्कॅन करायचंच झालं तर हार्ड डिस्क कपाटात, इंटरनेटवर काहीही नाही.

राहिले दाराशी आलेले चारजण. खरं सांगू? तुमच्याकडे सगळ्यात जास्त वाचक हेच असणार, आणि त्यांना ‘संशोधक नाही’ म्हणून हाकलणं मला पटत नाही. त्यांना हवा तो पुरावा ठराविक तारखांच्या आधीचा: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७. गुरुजी १९५६ ला लागले म्हणता, म्हणजे पहिल्या दोघांना त्यांच्या वह्यांचा उपयोग नाही. हे आधीच सांगून टाका, त्यांचा हेलपाटा वाचेल. उरलेल्यांसाठी पाहा की ती वही कसली आहे. ती शाळेची दाखल-खारीज नोंदवही असेल, जनपद सभेचा किंवा पुढच्या जिल्हा परिषदेचा शिक्का असेल, तर ती गुरुजींची नव्हेच. सुट्टीत काम करायला घरी आणली आणि राहून गेली, असं होतं. ती मुख्याध्यापकांकडे पोच घेऊन परत करा. तिचा उतारा शाळाच देऊ शकते आणि जात पडताळणी समितीपुढे तोच चालतो. गुरुजींची स्वतःची हजेरीची टिपणवही असेल तर ज्याचा आजा त्याला त्याच्या आज्याची ओळ दाखवा, नातं सिद्ध करणारा कागद पाहून. बाकीच्या ओळींवर कोरा कागद ठेवा. एकाच पानावर शेजाऱ्याची जात काय लिहिली आहे ते त्याला दिसता कामा नये, कारण पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत ते पान तक्रारीला जोडलं जाईल. झेरॉक्स द्या, ‘मूळ वाचनालयात’ असा शिक्का मारा, पण ‘प्रमाणित प्रत’ लिहू नका. तो अधिकार तुम्हाला नाही. वहीत नाव घुसडलंय का, शाई वेगळी आहे का, हेही आत्ताच पाहून पानांना शिसपेन्सिलनं क्रमांक घाला. या वह्यांत नंतर ओळी उगवतात.

क्रमांक घालताना कागदांचा मूळ क्रम मोडू नका. गुरुजींनी कुष्ठरोगाची वही आणि भूदानाची पावती एकाच रुमालात बांधली असेल तर ती तशीच. तुम्हाला ते अव्यवस्थित वाटेल. पण कुठला कागद कशाच्या शेजारी होता, यावरून पुढे कुणालातरी काही कळतं. मर्यादित कागद काढाल तिथे ‘एक वही काढली, क्र. १७, पाहा कपाट २’ अशी चिठ्ठी ठेवा. टाचण्या काढा, गंज कागद खातो. सेलोटेप लावू नका.

नि ते युरियाचं पोतं आजच रिकामं करा, भाऊ. युरिया हवेतली ओल ओढतो, पोत्याला चिकटलेला चुराही ओढतो, आणि मृग लागला की त्यातली पत्रं एकमेकांना चिकटून बसतील. आईची पत्रं पोत्यात आहेत की पेटीत, ते तुम्ही लिहिलं नाही. पोत्यात असतील तर ताईंना फोन करून सांगा, तुमच्या आईची पत्रं काढून पेटीत ठेवतो आहे, उघडून वाचत नाही. मग बाहेर काढा, सावलीत पसरा, वर मच्छरदाणी टाका म्हणजे वाऱ्यानं उडणार नाहीत.

दानपत्राचा नमुना वेगळा पाठवते.